निवळायला ठेवलेलं पाणी

तेरेआपीनं सात आठवडे जहाजावर
चाळणीत चिखल धुतला.
पाच हजार मीटर खालचा,
पिठासारखा मऊ, तपकिरी,
बोटं बधिर करणारा.
चाळणीवर उरेल ते चिमट्यानं उचलायचं,
बाटलीत घालायचं, चिठ्ठी लावायची.
बहुतेक चिठ्ठ्यांवर नावाच्या जागी
नुसता आकडा.
एकदा तिनं साहेबाला विचारलं,
ज्याचं अजून बारसंच झालं नाही
तो मेला तर कुठल्या रकान्यात लिहू?
त्यानं चष्मा पुसला.
जेवणाची घंटा झाली, म्हणाला.

मांगाइयाला परतताना
बापासाठी तिनं एक गोळा आणला,
बटाट्याएवढा, काळा, खरबरीत.
मेतुआकोरेनं तो तळहातावर तोलला.
"जाळ्याला वजन म्हणून बरा."
मग काय वाटलं कोण जाणे,
करवतीनं दोन फाका केल्या.
आत कांद्यासारखे पापुद्रे
आणि मधोमध
शार्कचा दात.

तिनं सांगितलं,
एवढंसं कवच चढायला लागलेली वर्षं मोजू गेलं
तर बोटं संपतात, पणजे संपतात,
बेटसुद्धा पुरत नाही.
तिनं सांगितलं त्या ऑक्टोपसबद्दल,
कॅमेऱ्यात दिसलेल्या,
फिकट, जवळजवळ नसल्यासारख्या.
मेलेल्या स्पंजाच्या देठाला अंडी चिकटवून
ती त्यांच्यावर वेटोळं घालून बसली होती.
स्पंज उगवतो गोळ्यावर.
गोळा उचलला की देठ नाही,
देठ नाही की
"कळलं," बाप म्हणाला.

जेलीफिशचं तिनं रात्री सांगितलं, दिवा घालवल्यावर.
टाकीत चिमूटभर गाळ सोडला
की त्या अंगभर बुळबुळीत स्राव सोडत
स्वतःला पुसत राहायच्या,
आणि पुसण्यातच
पोटातलं सगळं खर्ची पडायचं.

शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये कंपनीची माणसं आली.
टोप्या वाटल्या. पोरांना दोन-दोन.
पडद्यावर निळा समुद्र, निळ्यात बाण.
एक बाई गोड आवाजात म्हणाली,
"गाळ उठतो, मग बसतो. चार दिवसांचा प्रश्न."

मेतुआकोरे उठला.
पिशवीतून मुरांब्याची बरणी काढली.
गोळ्याच्या खाचांतला चिखल
त्यानं मंगळवारी पाण्यात खळबळून ठेवला होता.
"खिडकीत होती. वारा नाही, लाट नाही, ओढ नाही.
बघा."
बरणीतून बाईचा चेहरा
तपकिरी दिसला.

"आमच्यात राउई असते," तो म्हणाला.
"किनाऱ्यावर झावळी बांधली
की त्या पट्ट्यात कुणी हात घालत नाही,
पोर असो की पुढारी.
तिथं खाली मी झावळी कशाला बांधू?
त्या अंधारात दिसणार कुणाला?"

दिसतं, तेरेआपी पुटपुटली.
तिथली जनावरंच दिवे असतात.
भूक, धाक, सोयरीक,
सगळं उजेडानं बोलतात.
गाळात त्यांचा शब्द
वीतभरही जात नाही.

पण तोवर माइक पुढच्या रांगेत गेला होता
आणि कुणीतरी रस्त्याच्या डांबराचं विचारत होतं.
त्यातही काही खोटं नव्हतं.
रस्ता खरंच वाईट आहे.

पुढच्या फेरीचं पत्र टेबलावर पडलंय.
वर दाताची अर्धी फाक,
वाऱ्यानं उडू नये म्हणून.
सही व्हायची आहे.
छपराचा पत्रा दोन ठिकाणी गळतो.

बरणी पुन्हा खिडकीत.
एवढ्या समुद्रात तुरटी फिरवेल
असा हात कुणाचा,
हे तिच्या मनात येतं आणि जातं.

नवव्या दिवशी सकाळी
वरचं दोन बोटं पाणी निवळलं होतं.
तिनं बापाला हाक मारली.
तो आला, वाकून बघितलं,
आणि चहाचा चमचा घालून
सगळं परत ढवळलं.

"त्यांचं यंत्र रोज चालणार ना," म्हणाला.