असू दे

ग्रोनिंगेनमध्ये पहाटेचे चार.
हिल्टये काळोख्या खोलीत
सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून.
नळीवर नुसता आकडा, एकशे सात.
माणूस म्हणजे सीट्से, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा;
पाठीवरचा काळा तीळ त्यानं तीन वर्षं अंगावर काढला.

त्याची टी-पेशी गाठीच्या पेशीला बिलगते,
पृष्ठभाग चाचपते.
तिथं, तळहातावर धरल्यासारखा,
प्रथिनाचा एक परका तुकडा.
ओळख पटते.
पण ओळख पटणं म्हणजे पेटून उठणं नव्हे.
शेजारी दुसरा एक रेणू लागतो,
नुसता 'हो' म्हणणारा.

तो नाहीच.
त्याच्या जागी गाठीनं पुढे केलेला हात,
छातीवर, अगदी मायेनं:
असू दे रे, आपलाच आहे.
आणि मारायला आलेली पेशी
निमूट मागे फिरते.

हिल्टये थेंबभर प्रतिपिंड सोडते.
तो हात झाकला जातो.
कॉफी निवते. खाली सायकलींच्या सीटवर दव.
अकराव्या मिनिटाला
एका पेशीत कॅल्शियम उजळतं, हिरवं,
विझतं.
मग शेजारचीत.

ती पेन्सिलीनं लिहिते: दोन.
बराच वेळ थांबून, शाईनं:
चाळीसपैकी.