गादी फाडण्याची रीत

आधी थांब, ऑरेस्ट. लगेच सुरी लावू नकोस.
रात्रभर ट्रकमध्ये होती, बाहेर उणे एकतीस,
विनिपेगचा जानेवारी तिच्या हाडांत शिरलाय.
हीटरजवळ भिंतीला उभी कर.
बर्फ वितळू दे, पाणी गळू दे,
ओल्या कुत्र्यासारखा वास येईल, येऊ दे.
गोठलेली गादी फाडायला गेलं की पातं मोडतं,
आणि मोडलेल्या पात्याचा हिशेब थेलमा फ्लेटला द्यावा लागतो.
थेलमा फ्लेट म्हणजे मी.

तोवर फ्रीजकडे ये.
दारावर चुंबकाखाली दाताच्या डॉक्टरची चिठ्ठी राहिलीय,
मंगळवार, सव्वादहा. कुठला मंगळवार कोण जाणे.
ह्याच्या पोटातला गॅस आधी बाटलीत उतरवायचा,
मग बाकीच्याला हात.
ते काम विर्जिलिओचं, त्याच्याकडे सरकारी कागद आहे.
आपण नुसतं बघायचं
आणि चिठ्ठी काढून ह्या डब्यात ठेवायची.
का म्हणून विचारू नकोस.

चल, वितळली.
कडेला पट्टी असते ना, तिच्या शिवणीत टोक घाल,
आणि ओढ, पण अंगाकडे नाही, अंगापासून लांब,
मासा चिरतात तसं.
मासा चिरलायस कधी? नाही?
बरं, मग संत्रं समज.

कापड त्या ढिगात. कापूस पिंजऱ्यात.
फोम दाबून गठ्ठे बांधायचे,
त्याचा गालिच्याखाली घालायचा थर होतो,
म्हणजे उद्या कुणीतरी बूट काढून
कुणाच्यातरी झोपेवरून चालत जाईल.
स्प्रिंगा प्रेसमध्ये. लाकडाचे खिळे उपटून लाकूड बाहेर.
मी दिवसाला चाळीस करते. तू आज बारा कर.

खड्डे वाचायचे नाहीत, असं मी नव्या पोरांना बजावते,
आणि सगळेच वाचतात.
दोन खड्डे, मध्ये बांध, ही माणसं पाठीला पाठ लावून झोपायची.
एकच खड्डा, मधोमध, अंथरूण पाहून पाय पसरायची गरजच नव्हती.
एकच खड्डा, अगदी कडेला,
बाकी सगळी गादी नवीकोरी,
त्याबद्दल मी बोलत नाही.

थांब.
सुरी खाली ठेव जरा.

हे कुणी शिवलंय?
उशाकडे वीतभर उसवलं होतं, ते हिरव्या सुतळीनं,
जाळ्याच्या सुतळीनं, पोरा, मासे धरायच्या.
आणि ही गाठ बघ.
दोन फेरे, खालून वर, मग दातानं आवळलेली.
आमच्या तळ्यावर बर्फाला भोकं पाडून जाळं सोडायचे, तेव्हा
माझा बाप हातमोजे काढून अशीच मारायचा,
तीस आकडे मोजून व्हायच्या आत.
त्यानंतर बोटं आपली राहत नाहीत.
मला शिकवली तेव्हा मी सात वर्षांची होते
आणि मोजायला फक्त वीसपर्यंत यायचं.

सेलकर्क अॅव्हेन्यूच्या मागे एका घरात
मी एक गादी सोडून आले होते.
दोन पिशव्यांत जेवढं मावलं तेवढं माझं, असं ठरलं होतं,
मीच ठरवलं होतं, जिना उतरताना.
ती फाटली होती का? शिवली होती का मी?
आठवत नाही म्हणजे खरंच आठवत नाही.
तळ्याकाठची अर्धी माणसं ही गाठ मारतात.

चौतीस वर्षं गादी टिकत नाही, विर्जिलिओ म्हणतो.
बरोबर आहे त्याचं.
टिकत नाही.

इकडून काप. गाठीला वळसा घालून.
नाही, दे, मीच कापते.
लोखंडाला पेटी आहे, फोमला आहे, वायरींना,
रिमोटच्या गळक्या सेललासुद्धा वेगळी लाल पेटी आहे,
बोटभर सुतळीला कुठलीच नाही.
त्या चिठ्ठीशेजारी टाक.
झाकण घट्ट लाव, ते नीट बसत नाही.

आणि बघत काय उभा राहिलास,
पुढची आण.
ती नको. ती अजून गोठलेली आहे.