मागे बघणारा

कॅमेरा खांद्यावर घेऊन उलटं चालणाऱ्या माणसाला
पाठीला डोळे नसतात.
तिथं मी असतो.
डाव्या हाताची चार बोटं त्याच्या पट्ट्यात,
उजव्या हातात केबल, सोडत, गुंडाळत, सोडत.
एकदा ओढलं म्हणजे पायरी.
दोनदा म्हणजे थांब.
अंगठा मणक्यावर दाबला की ट्रॉलीचे रूळ आले, पाय उचल.
ही भाषा मला वसईच्या फिलिप डाबरेनं शिकवली.
त्याचा एक गुडघा, तो म्हणतो,
चांदिवलीच्या एका स्टुडिओत अजून पडून आहे,
कुणाला सापडला तर कळवा.

तेवीस वर्षं मी हिरोइनी पाहिल्या नाहीत.
जमीन पाहिली.
फिल्मसिटीची लाल, मढची भुसभुशीत,
आर्टवाल्यांनी चमक यावी म्हणून तेल पुसलेल्या लाद्या,
थर्माकोलच्या पायऱ्या, ज्या फक्त दिसायला पायऱ्या.
वर तराफ्यावर सुभान दिवा बांधत असतो.
मी खालून ओरडतो, "साखळी?"
"लावली रे! तुझ्या टकलाची मला जास्त काळजी."

ओशिवऱ्याला ती इमारत बांधायला काढलेली,
बाविसावा मजला, कठडा अजून व्हायचा होता.
वारा असा, की क्लॅपबोर्ड धरायला दोघं.
उदयन सरफरेच्या खांद्यावर कॅमेरा,
डोळा त्या काळ्या रबरात घट्ट.
दिग्दर्शक म्हणाला, अजून एक पाऊल मागे,
म्हणजे मागचं सगळं शहर येईल.
मी मागे पाहिलं.
शहर येत होतं खरं.
मी दोनदा ओढलं.

"कट कुणी म्हटलं?"
"मी."
अटेंडंटनं कट म्हणायचं नसतं.
प्रॉडक्शनच्या पोरानं माझं नाव वहीत लिहिलं,
आडनावासकट.
उदयननं वळून पाहिलं, मग खालीच बसला,
मांडीवर कॅमेरा घेऊन, झोपलेलं मूल घ्यावं तसा.
अर्ध्या तासानं शॉट झाला. दोन पावलं पुढून.
शहर थोडं कमी आलं.

कॉलशीटवर लिहिलं होतं: नऊ ते नऊ.
पॅकअप पहाटे पावणेपाचला.
पुढचा कॉल? पुन्हा नऊ.
मी त्याच्या कमरेचा हात काढला,
लेन्स पुसल्या, पेट्या मोजल्या, सह्या घेतल्या.
तो हेल्मेट घालताना म्हणाला, "मुलुंड काय, अर्धा तास."
मी म्हटलं, "हळू जा."
एवढंच म्हटलं.

पवईला रस्ता मोकळा होता.
समोरून कुणी आलं नाही,
मागून कुणी धडकलं नाही.
बाविसाव्या मजल्यावरून न पडलेला माणूस
गुडघाभर उंचीच्या दुभाजकावर पडला,
डोळे मिटलेले होते म्हणे, आधीपासूनच.
त्या वहीत याची नोंद नाही.
पॅकअप झालं होतं ना.

पंधराव्या दिवशी मैथिली पट्टा आणून देऊन गेली.
"ह्याच्यावर तुमचाच हात जास्त," म्हणाली.
मागच्या बाजूला कातडं काळं पडलेलं,
चार बोटांएवढंच.

आता शर्वाणी तांडेल असते माझ्या पुढे.
सव्वीस वर्षांची, वर्सोव्याची, चालते भराभर,
उलटी सुद्धा.
आजही चार वाजले.
ती किल्ली फिरवत निघाली.
मी हात पुढे केला.
"काका, मी टक्क जागी आहे."
तिच्या कमरेला अजून पट्टा होता.
मी दोनदा ओढलं.

शिव्या घातल्या तिनं. मग कॅमेरा व्हॅनमध्ये,
लेन्सच्या पेट्यांमध्ये अंग दुमडून झोपली.
मी बाहेर लाकडी पेटीवर बसलोय,
तिची किल्ली माझ्या मुठीत.
सुभाननं चहा पाठवला.
सातला उठवीन.