उपयोगाचा रकाना

शेफिल्डच्या वॉकली भागात, चढावरच्या वाचनालयाचा
कच्चा आराखडा माझ्या टेबलावर आला
तेव्हा त्यावर भिंत नव्हती एकही.
एकच फराटा होता शाईचा,
डावीकडे ओला, गच्च,
उजवीकडे जाता जाता कोरडा पडलेला,
कुंचल्याच्या केसाकेसांतून कागद दिसत होता.
"हे छप्पर," ओउयांगबाई म्हणाल्या.
"आणि हे विरलेलं?"
"तिथून उजेड येईल."

एकतीस वर्षं रेघा मारतोय मी,
मिलिमीटरच्या, चहा गार करून.
फराट्याला माप कुठून धरायचं?

मग वडील आठवले.
साताऱ्याला भूमी अभिलेखात मोडी वाचायचे.
म्हणायचे, आधी पानभर रेघ ओढून घ्यायची,
मग अक्षरं तिला टांगत जायची
बोरू न उचलता;
शब्द कुठे संपला
ते वाचणाऱ्यानं बघावं.

तशीच टांगली मी दालनं त्या छपराखाली,
उतारउतारानं:
मुलांची पुस्तकं, जुने नकाशे, स्वच्छतागृह,
शेवटचं सोडून कुठेच दार नाही.

बाई एक गुंडाळी उलगडायच्या अधूनमधून,
एका हातानं पुढचं सोडत, दुसऱ्यानं मागचं मिटत.
वीतभर डोंगर. मग हातभर नुसता कागद.
मग पुलावर माणूस, तांदळाएवढा.
"एवढाच काढ माणूस," म्हणायच्या,
"म्हणजे जिने चुकणार नाहीत."

कौन्सिलच्या बैठकीत स्टॅनिफोर्थसाहेबांनी
चष्मा कपाळावर ढकलला.
"मधला चौकोन. अडतीस चौरस मीटर.
काय आहे इथे?"
"काही नाही," बाई म्हणाल्या.
"मग उपयोग?"
बाईंनी माझ्याकडे पाहिलं.
रकाने भरायचं काम माझं.
मी लिहिलं: हवा खेळती राहावी म्हणून.
अगदीच खोटं नव्हतं.
मंजूर, सात विरुद्ध चार.

परवा गेलो होतो. नोव्हेंबर.
रिव्हेलिनच्या दरीतून धुकं चढत आलं
आणि विचारपूस न करता
त्या चौकोनात येऊन बसलं.
पलीकडच्या टेकड्या गेल्या, घरांच्या रांगा गेल्या,
राहिला एक बसड्रायव्हर, थर्मासच्या झाकणातून
चहा पिणारा,
तांदळाएवढा.

फराट्याच्या कोरड्या टोकाला मात्र गळतंय.
खाली कुणीतरी बादली ठेवलीय, लाल.
चांगली बसलीय तिथे.
ती तेवढी दाखवायची राहिली नकाशात.