दहा तेत्री

माल्खाझ गेला त्या सकाळी
भट्टी मीच पेटवली.
कुताईसीत पाच वाजत होते,
रिओनीवर धुकं,
आणि माझ्या हाताखाली कणीक,
जी मला ओळखत नव्हती.

अकरा वर्षं तो कमरेपर्यंत आत वाकायचा,
पाय जमिनीवरून सुटायचे,
आणि होडीसारखा लांबट पाव
तापल्या मातीला असा चिकटवायचा
की वाटावं, झोपलेल्या पोराचा ताप बघतोय.
त्याच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत केस नव्हते.
हे मी पाहिलं होतं.
मोजलं नव्हतं.

मी काय देत होते त्याला?
ईस्टरला लाल अंडी,
लेकीच्या बाप्तिस्म्याला चांदीचा चमचा,
आणि दर शनिवारी एक वाक्य :
"तू मला मुलासारखा."
मुलासारखा म्हटलं की माणसाला पगार मागता येत नाही.
ठाऊक होतं मला.
ठाऊक होतं म्हणून तर म्हणत होते.

तरी त्याने दोनदा विचारलं.
पहिल्यांदा मी पिठाचा भाव सांगितला,
दुसऱ्यांदा गॅसचा.
तिसऱ्यांदा विचारलं नाही,
अ‍ॅप्रन धुऊन खिळ्याला टांगला.
मी पाहिला तेव्हा ठिबकत होता.

मग तिघे आले.
एक नऊ दिवसांत पोलंडला गेला, सॉसेजच्या कारखान्यात.
एकाचे पाव भिंतीवरून सुटून राखेत पडायचे,
तो म्हणायचा, भट्टीच वाईट आहे.
तिसऱ्याचा हात भाजला.
दवाखान्याचं बिल भरताना मला हसू आलं, फार वाईट हसू :
माल्खाझने मागितलेली वाढ
पाच महिन्यांची त्यात बसत होती.

गुलिकोबाई,
जी वीज नसलेल्या वर्षांतही मेणबत्ती घेऊन
माझ्याच दारात उभी राहायची,
ती आता समोरच्या फुटपाथवरून जायची,
पिशवी पोटाशी धरून, मान खाली.
पिशवीतून पावाचं टोक दिसायचं.

एका गुरुवारी मी पुलापलीकडे गेले.
डोक्याला रुमाल, रांगेत सातवी.
खिडकीत आधी तो हात दिसला.
मी पैसे ठेवले. त्याने वर पाहिलं, ओळखलं,
म्हणाला, "गरम आहे. कडेने धरा."
तिथेच भिंतीला टेकून खाल्ला मी, उभ्याने, अख्खा.
चव माझ्या दुकानाची होती.
म्हणजे ती माझ्या दुकानाची कधी नव्हतीच.

"किती देतात?"
मला वाटलं, डोळे फिरतील असा आकडा येईल.
दिवसाला आठ लारी जास्त.
आठ लारी.
एवढ्याची कॉफी मी रोज दारात येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाजते.
"परत ये" म्हणायला तोंड उघडलं,
पण मागची बाई म्हणाली, सरका की जरा पुढे.

दुसऱ्या दिवशी काचेवर कागद लावला :
आजपासून पाव दहा तेत्रींनी महाग.
हे दहा, भाजणारीचे.
दीर म्हणाला, कुलूप शोधून ठेव, वहिनी.
दोन गिऱ्हाइकं तुटली, खरं आहे.
एकाने कागदावर पेनने काहीतरी लिहिलं, ते मी इथे सांगत नाही.

भाजणारी म्हणजे इया. एकोणीस वर्षांची.
आधी परातीच धुवायची,
धुता धुता माल्खाझचा खांदा बघायची.
महिनाअखेर पाकीट उघडून तिने नोटा मोजल्या,
परत मोजल्या,
आणि गोंधळून दोन माझ्यापुढे धरल्या :
"जास्त आल्यात, मावशी."
"नाही," म्हटलं. "मागे कमी येत होत्या."
ती हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली जरा वेळ,
आणि मला माझे हात कुठे ठेवावेत कळेना.

तिचे पाव अजून वाकडे होतात.
काल गुलिकोबाई आली, कवच दाबून पाहिलं,
म्हणाली, "वाकडा आहे,"
आणि दोन घेतले.

आत इया वाकलेली,
डोकं, खांदे, सगळी भट्टीत.
बाहेर फक्त बुटांचे तळवे, हवेत,
नवे,
अजून दुकानाची चिठ्ठी चिकटलेली.