मरणशासन

खानापूरच्या कचेरीबाहेर माझं टेबल.
एक पाय आखूड, त्याखाली कौलाचा तुकडा.
अठ्ठावीस वर्षं इथं बसून
लोकांच्या शेवटच्या इच्छा मी सुवाच्य करतो.

लुमाण्णा मास्तर आले मंगळवारी,
छत्री काखेत, वहाणा चार हात लांब काढून.
मी म्हटलं, देऊळ आहे का हे?
म्हणाले, सवय. सगळ्याच कुठं मोडतात रे.

तीन वाड्यांना एका विहिरीचं पाणी पाजणारे मास्तर,
ज्वारीच्या दाण्यांवर लग्नं लावणारे,
ज्यांच्या नावानं नंदगडच्या बाजारात भांडणं व्हायची आणि मिटायची.

"कानडीत काय म्हणतात मृत्युपत्राला?"
"मरणशासन."
हसले. दात तीनच, हसू मात्र पुरतं.
"जन्मभर दोन शासनं आम्हाला ओढूलालीत,
हे तिसरं. ह्याचं तरी कोण ऐकतंय का बघू."

मग सांगत गेले, मी लिहीत गेलो:
कुंभारवाड्यामागचे अकरा गुंठे वाचनालयाला.
चष्मा गुंडूला, त्याचा नंबर तोच आहे.
समाधी नको, चौथरा नको.
पोरांनी आत्ताच सिमेंट आणून ठेवलंय, मला ठाऊक आहे,
त्यातनं मुलींच्या शाळेची मोरी बांधा.
फोटो लावायचाच झाला तर पाठमोरा लावा,
मागं मंडळाची उधारी लिहिलीय.

मग थांबले.
ऊन शाईच्या बाटलीपर्यंत सरकलं.
पिशवीतनं एक लोखंडी कडी काढली, गंजलेली,
कार्बनवर ठेवली.

"पुढचं नीट अक्षरात लिही.
माझी थोरली सोनाक्का.
चांभार गल्लीतल्या मारुतीशी लग्न करतो म्हणाली.
मारुती माझ्याच पाटीवर अक्षर शिकलेला.
त्या रात्री बिडीला माझं भाषण होतं,
विषय, जात कशी मोडावी.
मी ही कडी बाहेरून घालून गेलो.
भाषण चांगलं झालं.
ही तिला देतो.
तिनं ती कुठल्याच दाराला लावू नये."

कचेरीतला कारकून अडखळला.
कानडीत कडि म्हणजे चाव, नाहीतर तोड.
मी खोडलं, चिलक लिहिलं.
दोन्ही शब्दांनी दार बंदच होतं.

मास्तर गेले. चौथरा झालाच, वर फरशीसुद्धा.
मंडळाचे दोघे येऊन हळू म्हणाले,
तेवढं शेवटचं कलम गाळा,
मोठ्या माणसाचं असतंय एखादं.
मी म्हटलं, नोंद झाली. शिक्का वाळला.
शोकसभेत त्यांनी मोरीपर्यंत वाचलं,
मोरीपाशी टाळ्या पडल्या.

सोनाक्का आली महिन्यानं, गोकाकच्या गाडीनं,
केस पांढरे, हातात जेवणाचा डबा.
मारुतीचं मी विचारलं नाही.
तिनंही सांगितलं नाही.

कडी तळहातावर घेऊन बराच वेळ तोलली.
"एवढीशीच होती?"

सही करताना टेबल डुगडुगलं.
खाली वाकली, कौलाचा तुकडा फेकला,
कडी सरकवली पायाखाली,
हातानं दाबून बघितलं,
आणि मग नाव लिहिलं, पूर्ण,
वडिलांचं मधलं नाव धरून.