उसनं विरजण

सभागृहात खुर्च्या कमी पडल्या,
काही जण खिडकीच्या कट्ट्यावर टेकले.
बाहेर फ्योर्ड, दुपारी चारलाच काळा पडलेला.
विषय एकच : खरी बिअर कुणाची.

ब्रिन्युल्फ म्हणाला, चार तास उकळल्याशिवाय
तिला बिअर म्हणू नये.
ओडब्योर्ग म्हणाली, उकळली की मेली,
आमच्या घराण्यात तिला कधी कढ दाखवला नाही.
दोघांच्या शेतांमध्ये एक ओढा आहे
आणि ओढ्यावर एक फळी,
जिच्यावरून दोघांचे आजे
एकमेकांकडे प्यायला जात. परतताना रांगत.

मग सगळ्यांनी हालवारकडे पाहिलं.
बसच्या जुन्या गॅरेजात त्यानं टाक्या बसवल्या,
डब्यांवर चष्मा घातलेला बोकड छापला,
आणि मागच्या उन्हाळ्यात
आंबा घातला.
आंबा! कुणाच्या परसातला रे, ब्रिन्युल्फनं विचारलं.
हालवार म्हणाला, आणि तुमचं मॉल्ट?
डेन्मार्कहून येतं. पोत्यावर लिहिलंय.
पोत्यावरचं कुणी वाचलं नव्हतं.
सचिवानं वहीत नोंदवलं : चर्चा झाली.

स्यूर काही बोलला नाही.
ज्याच्याकडे पाहून सगळे बोलत होते
तो टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता.

त्याच्या माळ्यावर एक कडं आहे,
लाकडाचे तुकडे ओवून केलेलं.
दर खेपेला यीस्टमध्ये बुचकळून वाळवलेलं,
संत्र्याच्या सालीसारखा वास येणारं.
छपराला भोक पडलं, कुणी सांगितलं नाही.
तीन आठवड्यांपूर्वी त्यानं कडं उतरवलं
तर हिरवं. वास तळघराचा.

विरजण मोडलं तर वाटी घेऊन
शेजारी जावं, त्यात कसली लाज.
पण ज्यानं चाळीस वर्षं साऱ्या खोऱ्याला विरजण दिलं
त्यानं वाटी कुणापुढे धरावी?
ब्रिन्युल्फ तर कधीपासून दुकानातलं पाकीट वापरतो.
सांगत नाही, पण पाकिटं जाळतो
तेव्हा धूर सांगतो.

शनिवारी हालवार आला. दारात बूट झटकले,
मेयोनेजची बरणी टेबलावर ठेवली.
तळाशी गढूळ, पिवळट, जिवंत काहीतरी.
म्हणाला, मी अकरा वर्षांचा होतो,
शाळेच्या प्रयोगासाठी एक चमचा मागितला होता.
मी नाही म्हणालो होतो, स्यूर म्हणाला.
हो. काकूंनी दिला. मागच्या दारानं.

मागच्या दाराकडे दोघांनी पाहिलं.
माग्नहिल्डचे रबरी बूट अजून तिथेच,
चर्चच्या आवारात तिला तीन हिवाळे झाले तरी.

यात आंबा गेलाय का?
एकदा.
स्यूरनं झाकण उघडलं, बराच वेळ हुंगलं.
संत्र्याची साल.
आणि त्यामागे, शपथेवर सांगता येणार नाही असं, काहीतरी.

टाकीच्या तळाशी जुनिपरच्या फांद्या अंथरल्या.
लाकडं हालवारनं फोडली, वाकडी.
रस निवला तशी स्यूरनं करंगळी बुडवली,
थांबला, पुन्हा बुडवली :
धारोष्ण. आता.

विरजण घालताना ओरडायचं असतं.
जितकी मोठी ओरड तितकी कडक बिअर,
असं सगळे म्हणतात
आणि ह्या एका बाबतीत कुणाचा वाद नाही.
स्यूरनं तोंड उघडलं. आवाज आला नाही.
बरणी अर्धी ओतून झाली होती.

मग हालवार ओरडला,
ट्रक मागे घेताना ओरडतात तसा.
ओढ्यापलीकडे ओडब्योर्गचं कुत्रं भुंकलं.

चुकलं, स्यूर म्हणाला.
आमच्याकडे शेवट वर जातो.
त्यानं टोपी काढली, गळा खाकरला,
आणि उरलेली अर्धी बरणी हालवारच्या हातात दिली.
असं बघ.